खुर्च्या गेल्या ते वर्ष

आमच्या दिघीच्या शाळेत नवे मुख्याध्यापक आले आणि पहिल्याच आठवड्यात सगळ्या वर्गांतल्या शिक्षकांच्या खुर्च्या गायब झाल्या. शिपायांनी त्या उचलून वरच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये रचून ठेवल्या. आम्हाला वाटलं, रंगकाम निघालं असेल. कसलं रंगकाम! सर स्टाफरूममध्ये आले आणि हसत हसत म्हणाले, "उत्साही शिक्षक कधी बसत नाही. उद्यापासून सगळ्यांनी एनर्जीनं शिकवायचं." वर आम्हालाच टाळ्या वाजवायला लावल्या. मी वाजवल्या नाहीत.

हे गृहस्थ आधी चाकणच्या एका कंपनीत मॅनेजर होते. संस्थेच्या अध्यक्षांना वाटलं, ज्यानं कंपनी चालवली त्याला शाळा म्हणजे डाव्या हातचा मळ. मग रोज प्रार्थनेआधी मीटिंग सुरू झाली. गोल करून उभं राहायचं आणि एकेकीनं सकारात्मक विचार सांगायचा. पहाटे उठून डबे करून, बसमध्ये लोंबकळत आलेल्या बाईला कसला डोंबलाचा विचार सुचणार? सर स्वतः मात्र केबिनमध्ये फिरत्या खुर्चीत बसून कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर बघायचे, कोण टेबलाला टेकलंय, कोण खिडकीच्या कट्ट्यावर बसलंय. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

माझ्या शेजारच्या वर्गात माझी मैत्रीण तिसरीला शिकवायची. तिच्या पायांच्या शिरा फुगून निळ्या पडलेल्या. जास्त वेळ उभ्या राहू नका, नाहीतर ऑपरेशन करावं लागेल, असं डॉक्टरांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं. नवरा कंपनीत कंत्राटावर होता, त्याला नुकताच ब्रेक देऊन घरी बसवलेलं. घर हिच्या एकटीच्या पगारावर, आणि हिचाही करार उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंतचाच. घट्ट मोजे घालून ती दिवसभर उभी राहायची आणि मधल्या सुट्टीत भिंतीला पाय लावून डोळे मिटायची.

"अगं, एक खुर्ची माग त्यांच्याकडे," मी म्हटलं.

"नको गं बाई. मागितली की डोळ्यावर येईन. मग सुट्टीनंतर कशाला बोलावतील मला?"

शेवटी मीच गेले. सरांनी सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि म्हणाले, "मॅडम, आमच्या लाइनवर पोरं अख्खी शिफ्ट उभी असायची. एकानंही कधी तक्रार केली नाही."

"केली असती तर दुसऱ्या दिवशी गेटच्या आत घेतलं असतंत का त्याला?"

"तुमचा दृष्टिकोन फार निगेटिव्ह आहे, मॅडम. स्टाफला मोटिव्हेट करायला मला तुमच्यासारख्या सीनियर माणसांची साथ हवी."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. दार आपटून मी बाहेर आले.

आमच्या जुन्या मोठ्या बाई आकुर्डीहून यायच्या. तोंडानं अशा फटकळ की नवीन शिक्षिका रडायच्या. प्रेरणा हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. एकदा मला ताप होता, तरी मी वर्गावर उभी होते. त्या आल्या, माझ्या हातातला खडू काढून घेतला आणि खेकसल्या, "जा, आडवी हो जरा. मेलीस तर मला बदली बाई कुठून मिळायची?" आणि पुढचे दोन्ही तास स्वतः घेतले. त्या बाईंसाठी आम्ही शाळा सुटल्यावरही थांबायचो, कुणी न सांगता.

दिवाळीनंतर एका शनिवारी सरांनी 'प्रेरणा कार्यशाळा' ठेवली. अध्यक्षही आले होते, गावातले जुने शेतकरी, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. हॉलमध्ये खुर्च्या ओळीनं मांडलेल्या. मी बसायला गेले आणि पाहते तर काय, खुर्चीच्या पाठीवर माझ्याच वर्गाची तुकडी रंगवलेली! डोकंच फिरलं माझं.

"बसा, बसा," सर माइकवरून म्हणाले.

"नको सर. आम्ही उत्साही आहोत," मी म्हटलं आणि उभीच राहिले. माझ्या मागे एकेक करत सगळ्या उभ्या राहिल्या.

अण्णा गोंधळले. "बाई, बसा की. अशा उभ्या का?"

"एनर्जी, अण्णा, एनर्जी!" सर हसत म्हणाले.

तेवढ्यात मागून माझ्या मैत्रिणीचा आवाज आला. "अण्णा, ही खुर्ची माझ्या वर्गातली आहे. मला उभं राहवत नाही. वर्गात नेऊ का?"

"आता गं बया! तुमची हाय तर न्या की. त्यात इचारायचं काय?"

तिनं खुर्ची उचलली आणि हळूहळू जिना उतरली. मागोमाग आम्ही सगळ्या, आपापली खुर्ची घेऊन. सर रिकाम्या हॉलमध्ये माइक धरून उभे होते. संध्याकाळी त्यांनीच ग्रुपवर आमचा फोटो टाकला, खाली लिहिलं, 'टीम स्पिरिट!' निर्लज्जम् सदासुखी, दुसरं काय.

मैत्रिणीचा करारही वाढला. अण्णांनी सगळ्यांसमोर खुर्ची दिलेल्या बाईला काढायची सरांची छाती नव्हती. म्हणजे सगळं गोड झालं, असं वाटेल कुणाला. छे! व्हरांड्यात सरांचे बूट वाजले की शेजारच्या वर्गात खुर्ची सरकल्याचा आवाज येतो. मी डोकावले की ही फळ्यापाशी ताठ उभी.

"अगं, बस की! आता कोण काय म्हणतंय तुला?" मी एकदा चांगलीच ओरडले तिच्यावर.

"कळतं गं मला," ती म्हणाली. "पाय ऐकत नाहीत."

परवा मी वर्गात वह्या तपासत बसले होते. व्हरांड्यात बूट वाजले, खुर्ची करकरली. उठली बघा पुन्हा ही, असं मनात आलं आणि संतापच आला. मग पाहिलं तर वर्गातली मुलं माझ्याकडे बघत होती, आणि मी उभी होते.