भोचक शेजार पाहिजे

रत्नागिरीत आजवर जी घरं विकली जाता जाता राहिली, त्यांतली निम्मी तरी आमच्या मामेसासऱ्यांमुळे राहिली असावीत, असं माझं ठाम मत आहे. बायकोचे हे मामा राहतात पावसच्या पुढे, कलमांच्या बागेत. पण नात्यातलं कुणीही घर बघायला निघालं की त्यांना कसा कोण जाणे सुगावा लागतो, आणि छत्री नि डबा घेऊन ते पहिल्या एसटीने हजर होतात. घर बघायला येतात खरे, पण घरात पाऊल टाकत नाहीत. "आत काय बघायचंय? भिंती असतील नि नळ असतील," असं म्हणून बाहेरच कुणाच्या तरी पायरीवर बसकण मारतात. एका भाच्याला पसंत पडलेला बंगला त्यांनी मोडीत काढला, का, तर शेजारणीने "काय पाहिजे?" एवढंच विचारून दार लावून घेतलं. भाचा अजून भाड्याने राहतो. तरीही मामांशी बोलतो, हे विशेष.

मी मात्र मामांना पुरून उरणार होतो. मला प्रायव्हसी हवी होती. हा शब्द मी त्या दिवसांत इतक्यांदा वापरला की बायकोने घरात त्याच्यावर बंदी घातली. शहराबाहेर सड्यावर, जिथे कालपरवापर्यंत कातळ, गवत आणि वारा यांशिवाय काही नव्हतं, तिथे नवं संकुल उभं राहत होतं. पोहायचा तलाव, क्लबहाउस आणि गॅलरीतून समुद्र. मला पोहता येत नाही आणि होडीत बसलं की उलटी होते, पण या दोन गोष्टींवाचून आपलं आयुष्य फुकट चाललंय याची माझी खात्री पटली होती. खरी काळजी निराळीच होती. आमची चिऊ पाच वर्षांची. घरात पोपटासारखी बोलायची, पण उंबऱ्याबाहेर तोंडातून अक्षर काढत नसे. शाळेत बाईंनासुद्धा वर्षभर मानेनेच उत्तरं दिली होती. मोकळ्या, शांत जागेत पोर खुलेल, असं माझं मत. आम्ही दोघं नोकरीवरून उशिरा येणार, तोवर ती त्या शांततेत आणखी मुकी होईल, असं बायकोचं मत. माझं मत माझं असल्यामुळे मला तेच बरोबर वाटत होतं.

संकुल दाखवणारा तरुण म्हणाला, "इथे कोणी कोणाच्या भानगडीत पडत नाही, सर." मी सुखावलो. वरचा फ्लॅट डोळे भरून बघून खाली आलो, तर मामा चिऊला घेऊन बागेतल्या बाकावर तोंड पाडून बसलेले.

"केव्हाचा बसलोय, जावईबापू. फाटकावर नाव झालं, नंबर झाला, फोटो झाला. माणसं आली, गेली, गाडीत बसली. पण कुणाकडचे म्हणून एकाने विचारलं नाही."

"चांगलंच आहे की, मामा. भोचकपणा नाही."

"तेच म्हणतोय मी. भोचकपणा नाही तिथे पोर वाढवायचं कसं?"

मी त्यांच्यापुढे माहितीपत्रक धरलं. त्यावर तलावाकाठी हसणारी गोरीगोमटी मुलं होती. मामांनी ती चष्मा वर करून निरखली. "यातलं एकही रत्नागिरीचं दिसत नाही," ते म्हणाले. "हे चिऊशी खेळायला यायचे कुठून?"

दुसरी जागा बाजारामागच्या आळीत होती. दुसरा मजला, लिफ्ट नाही, गाडी कुठे लावायची ते देवाला ठाऊक. केवळ बायकोचं मन राखायला मी गेलो. वर स्वयंपाकघराची मापं घेतली तेवढ्यात मामांनी खाली पायरीवर चिऊला घेऊन बसून माझ्या संसाराचं प्रदर्शन मांडलं होतं. आम्ही उतरलो तर तिथे बांगडे साफ करत बसलेल्या काकूंनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "जिने जमतील ना? मूळव्याध आहे म्हणे तुम्हाला." आतून कुणीतरी ओरडलं, "सुरण खा म्हणावं." मामा आभाळाकडे बघत होते. धरणी दुभंगेल तर बरं, असं मला वाटलं.

मग काकू चिऊकडे वळल्या. "नि तुझं नाव काय गो?" चिऊची मान खाली. "ती लाजते हो," हे माझं नेहमीचं वाक्य मी पुढे केलं. ते काकूंनी ऐकलंच नाही. पायाशी दोन मांजरं घुटमळत होती. "बरं, नाव नको सांगू. हे डोकं कुणाला देऊ? काळीला का बोक्याला?" चिऊ गप्प. काकू बांगड्याचं डोकं तसंच हातात धरून थांबल्या.

"काळीला," चिऊ म्हणाली.

"का गो?"

"तिच्या पोटात पिल्लं आहेत."

काकूंनी मांजराला उचलून पोट चाचपलं. "अगो बाई, खरंच की. माझ्या ध्यानात नाही आलं." बायकोने माझं कोपर इतकं घट्ट धरलं की दुखलं. मला फार आनंद झाला होता, आणि हरल्याचं दुःख करायला सवडच मिळाली नाही.

आता आम्ही तिथेच राहतो. माझ्याकडे घरोघरचं सुरण येतं. चिऊ तर आळीची वार्ताहर झाली आहे. कुणाकडे पाहुणे आले, कुणाची सून माहेरी गेली, सगळं तिला माहीत. मामांना मी म्हटलं, तुम्हीही या आमच्याकडे. "कलमं कोण बघणार?" म्हणाले. मामी गेल्यापासून ते त्या बागेत एकटेच असतात. शेजारच्या घराचा दिवासुद्धा झाडांतून दिसत नाही.

चिऊ त्यांना रोज संध्याकाळी फोन लावते आणि उलटतपासणी घेते. काल मी जवळच बसलो होतो.

"मामाआजोबा, आज कोण आलं होतं तुमच्याकडे?"

"कुणी नाही गो."

"मग आज बोललात कुणाशी?"

"आता बोलतोय की तुझ्याशी," मामा म्हणाले.

बायकोने आतून पानं घेतल्याची हाक दिली. मी तिला हातानेच थांब म्हटलं. चिऊ विचारत होती, भाजी कसली केलीत, आणि नीट जेवलात का.