एका चुलीची मालिका

"आधी चुली मोजा," चाचा म्हणायचे आणि स्क्रूड्रायव्हरचं टोक टीव्हीच्या काचेला लावायचे.

कोणतीही नवी मालिका सुरू झाली की पहिला भाग ते असाच बघायचे. नायिका कशी दिसते, कुणाचं कुणावर प्रेम आहे, यात त्यांना काडीचा रस नव्हता. घरात स्वयंपाकघरं किती आणि जेवणारी तोंडं किती, एवढंच त्यांना बघायचं असे. चूल एक आणि तोंडं पंगतभर निघाली की समाधानानं मान डोलवायचे. "चालते हे. लवकर काही मरत नाही."

जळगाव जामोदच्या आमच्या गल्लीत माझी पिठाची गिरणी आणि त्यांचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान, मधे एकच भिंत. गिरणी चालू असली की माणसाला स्वतःचं बोलणं ऐकू येत नाही, तिथं टीव्हीचं काय ऐकू येणार? म्हणून चाचा मालिका मुक्यानंच बघायचे. दळणाचे डबे लावून ठेवलेल्या बायका माझ्या दारात अंगावर पीठ घेत उभं राहण्यापेक्षा त्यांच्या बाकावर जाऊन बसत, आणि पडद्यावर काय चाललंय ते चाचा त्यांना ओरडून सांगत. घरी आवाजासकट बघणाऱ्या बायका दुसऱ्या दिवशी येऊन कबूल करायच्या की चाचांनी सांगितलं तेच निघालं.

एकदा मी वैतागून विचारलं, तुम्हाला आधीच कळतं कसं, लेखक काय तुमच्याकडे चहाला येतो? तर म्हणाले, लेखक काहीच करत नाही, सगळं ते घर करतं. नवी सून आली, तिच्या हातचा चहा सासऱ्याला आवडला, झालं, जुनीचं तोंड उतरलं. नणंद माहेरी परतली, एक ताट वाढलं, कुणाच्या तरी वाट्याची भाजी कमी पडली. बंगला एवढा मोठा, दारात गाड्या, हाताखाली नोकर, पण स्वयंपाकघराला दार एकच. तिथून जाता-येता माणसं एकमेकांना धडकणारच.

"गोष्ट धडकन्यातून निंगते, ताई. याइले वेगयं राहाले पाठवा, उद्या मालिका बंद."

मग एका मालिकेत थोरल्या सुनेनं खरंच वेगळी चूल मांडली. बाकावरच्या बायका खूश झाल्या, सुटली बिचारी म्हणाल्या. चाचांनी मात्र मान हलवली. आता तिला परत आणावी लागेल, नाहीतर यांचा धंदा बसला, म्हणाले. थोड्याच दिवसांत तिच्या नव्या घराला आग लागली आणि बाई सामानासकट जुन्या घरी परत. त्या दिवशी बायकांनी चाचांकडे असं बघितलं की जणू काडी यांनीच लावली.

एवढं कळणाऱ्या माणसानं स्वतःचं घर कसं बांधलं, ते आता ऐका.

चाचा वाढले ते चार भावांच्या, एका चुलीच्या घरात. तिथं मिठावरून भांडण, पाण्यावरून भांडण, मटणाच्या फोडीवरून तर विचारूच नका. चाची नवी नवरी असताना त्या चुलीपुढं किती रडली, ते चाचा कधी विसरले नाहीत. म्हणून दुकान जोरात होतं त्या काळात दुकानाच्या मागच्या जागेत घर बांधलं, तेव्हा मुलांची लग्नं ठरायच्या आधीच दोन बिऱ्हाडं तयार केली. एक स्वयंपाकघर खाली, एक वर. पाण्याची टाकी वेगळी, विजेचं मीटर वेगळं, दारंसुद्धा दोन वेगळ्या बाजूंना. मिस्त्री म्हणत होता, चाचा, जिना आतून काढू, सोयीचं पडेल. चाचांनी तो बाहेरून काढायला लावला. "माह्या घरात मालिका नाही पाहिजे," म्हणाले.

गल्लीनं कौतुक केलं. मीही केलं. माझ्या सासरी असं कुणी बांधलं असतं तर माझं निम्मं आयुष्य सुखात गेलं असतं, असंही बोलून दाखवलं.

चाची त्या घरात थोडीच वर्षं नांदली आणि गेली. पुढं दोन सुना आल्या. कुरबुर म्हणून नाही. वरची सून खालच्या सुनेला पाहुणीसारखी भेटायची, पाहुणीसारखी बोलायची. मग थोरल्याला पुण्यात कंपनीत काम मिळालं, तो बायको-मुलांना घेऊन गेला. धाकटा सुरतेला गेला. दोघांपैकी कुणीच रागावून गेलं नाही. चाचांना नेमकं तेच टोचायचं.

"भांडून गेले असते तं मनवून आनलं असतं," एकदा म्हणाले. "हे तं हासत गेले. आता काय म्हनून बोलावू?"

मी त्यांचं दळण घेतलं. एकट्या माणसाचं दळण ते केवढं, निम्मं पीठ तर गिरणीतच अडकून राहतं. मी माझ्या डब्यातल्या चार मुठी त्यात घालायचे आणि त्यांना कळू द्यायचे नाही.

नंतर लोकांनी टीव्ही दुरुस्त करणंच सोडलं. भिंतीवरचे पातळ टीव्ही बिघडले की फेकून नवा आणतात. बायका माझ्या दारात मोबाईलवर मालिका बघत उभ्या राहायला लागल्या, जिची तिची वेगळी. बाक रिकामा पडला. चाचा मात्र सकाळी शटर वर करायचे, टीव्ही लावायचे. माझी गिरणी बंद असली तरी टीव्हीचा आवाज वाढवायचे नाहीत. सवय झाली होती, म्हणायचे.

मागच्या रमजान ईदेला दोन्ही मुलं बायका-पोरांसह येणार होती. आदल्या दिवशी सकाळी चाचा चादरीत काहीतरी गुंडाळून माझ्या गिरणीत आले. बघते तर वरच्या बिऱ्हाडातली गॅसची शेगडी. पोत्यांच्या मागं ठेवा, कुणाला सांगू नका, म्हणाले. मी कारण विचारलं तर आधी इकडे तिकडे बघितलं, मग खाली मान घालून सांगितलं. वरची चूल बंद असली की सगळे खालीच जेवतील. दोघी सुना एका ओट्यापुढं उभ्या राहतील.

"थोडंसं धडकतीन," म्हणाले.

मी कपाळावर हात मारला. म्हातारा स्वतःच्या घरात भांडण लावायला निघाला होता. आणि सुनांना सांगणार काय, तर शेगडी दुरुस्तीला दिली आहे. अहो, अख्ख्या तालुक्याची यंत्रं उघडून बसणारा हा माणूस, याची शेगडी दुसरा कोण दुरुस्त करणार? पण त्यांचा चेहरा बघून मी ती पोत्यांमागं सरकवली.

ईदेचा दिवस कोरडा गेला. सुना शहाण्या. आधी तुम्ही, नाही, आधी तुम्ही, असं चाललं होतं म्हणे. चाचा शीरखुर्म्याची वाटी घेऊन आले ते पडलेल्या चेहऱ्यानं. दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र लगबगीनं माझ्या दारात आले आणि गिरणी बंद करा म्हणून हातानं खुणा करू लागले. मी अर्ध्या दळणात बटण बंद केलं. घरातून भांडं आदळल्याचा आवाज आला. दूध कुणाच्या तरी दुर्लक्षानं उतू गेलं होतं आणि आता ते कुणाच्या, यावरून दोघींचे आवाज चढले होते. मग थोरल्याचा आवाज आला, मग धाकट्याचा. चाचा भिंतीला टेकून ऐकत होते. इतके खूश मी त्यांना चाची गेल्यापासून बघितले नव्हते.

मग एकदम शांत झालं. थोड्या वेळानं थोरला बॅगा घेऊन बाहेर आला. आणखी दोन दिवस राहणार होता, पण आत्ताच निघतो म्हणाला, अब्बांच्या घरात तमाशा नको. चाचा धावत गेले, त्यांनी त्याचा हात धरला.

"भांडा ना रे. पन जाऊ नका."

पोराला वाटलं बाप टोमणा मारतोय. त्यानं खाली वाकून माफी मागितली आणि रिक्षात बसला. धाकटाही संध्याकाळच्या गाडीनं गेला. धडकायची वेळ आली की आपण बाजूला व्हायचं, हे त्या मुलांना बापानंच तर शिकवलं होतं, अख्खं घर बांधून. शेगडी परत देऊ का, असं मी नंतर विचारलं. राहू द्या, वर कोण रांधते, म्हणाले.

हिवाळ्यात चाचा गेले. एका सकाळी शटर वर गेलं नाही, मी हाका मारल्या, मग गल्लीतल्या माणसांनी दार उघडलं. झोपेतच गेले होते.

मुलं आली, दफन झालं. मयतीच्या घरी चूल पेटवत नाहीत, शेजारपाजारहून जेवण जातं. दुसऱ्या दिवशी मी पोळ्या, वरण-भात, बटाट्याची भाजी घेऊन गेले. खालच्या खोलीत जमिनीवर अंथरलेल्या एकाच दस्तरखानाभोवती सगळे बसलेले, आणि दोघे भाऊ भांडत होते. तू थोरला, अब्बांना तू न्यायचं होतंस, असं धाकटा म्हणत होता. तुझ्याकडे तर एक खोली रिकामी होती, असं थोरला म्हणत होता. एक सून रडत ओरडली की मी कितीदा म्हटलं त्यांना घेऊन या, माझं इथं कुणी ऐकलं का? दुसरी तिच्यावर उलटली. पोरं घाबरून बघत होती. वरचं घर रिकामं होतं, जिना बाहेर होता, कुणीही उठून जाऊ शकलं असतं. कुणी उठलं नाही.

मला रडू फुटलं. हे ऐकायला तो माणूस पाहिजे होता.

एरवी आमच्या गल्लीतलं एक भांडण माझ्यावाचून मिटत नाही. त्या दिवशी मी डबे आत ठेवले, दार ओढून घेतलं आणि बाहेर पायरीवर बसले. आत कितीतरी वेळ चाललं होतं.