घरी जाणारा मेसेज

आमच्या मुलींच्या वसतिगृहाच्या दारात एक रजिस्टर असायचं. बाहेर जाताना नाव, वेळ आणि कारण लिहायचं, परत आलं की सही करायची. सहाच्या आत यावं लागे, त्यामुळे पावणेसहाला एका पेनासाठी तीस-चाळीस जणी पत्र्याखाली उभ्या असायच्या. जळगावच्या उन्हाळ्यात ते पत्र्याखालचं उभं राहणं मी अजून विसरले नाही. शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट निवडायची वेळ आली तेव्हा आम्ही तिघींनी हेच घेतलं. रजिस्टर बंद करायचं, बोट टेकवलं की नाव आणि वेळ आपोआप नोंदली जाईल.

तिघींपैकी एक माझ्या खोलीतली मैत्रीण, दोंडाईच्याची. तिच्या वडिलांचं तिथे बियाण्यांचं दुकान आहे. आई मात्र धुळ्याला, मामाकडे राहायची. ती शाळेत असतानाच आई-वडील वेगळे झाले होते, आणि वडिलांनी तिला एकदाच सांगितलं होतं, "तिच्याशी आपला संबंध नाही." ती फोनवर आईशी बोलायची, तेही माझ्या फोनवरून, कारण सुट्टीत घरी गेली की वडील तिचा फोन बघत. आणि दर रविवारी सकाळी रजिस्टरमध्ये 'लायब्ररी' लिहून ती धुळ्याची बस पकडायची. अडीच तास जायचे, अडीच तास यायचे. मधले तीन-चार तास आईजवळ. गेटवरच्या अक्कांना हे माहीत असावं. त्या काही विचारत नसत. मला तर सगळंच माहीत होतं.

तरीही ते मीच बोलले.

आमचा आराखडा घेऊन आम्ही सरांच्या केबिनमध्ये उभ्या होतो. सरांनी पानं चाळली आणि म्हणाले, "यात नवीन काय आहे? अंगठा आता दुकानातसुद्धा असतो."

प्रोजेक्ट परत येणार असं वाटलं आणि मी बोलून गेले, "सर, मुलगी बाहेर पडली की तिच्या वडिलांना मेसेज जाईल. परत आली की पुन्हा."

सरांनी पेन खाली ठेवलं. "हे चांगलं आहे. हे आधी का नाही लिहिलं?"

जिना उतरताना मैत्रिणीने विचारलं, "मेसेज घालायलाच हवा का?"

"तुझं काहीतरी करू ना," मी म्हणाले. "नंबर भरणाऱ्या आपणच आहोत."

मेसेजचा मजकूरही तिनेच लिहिला, कारण आमच्यात तिचं मराठी सगळ्यात चांगलं होतं: 'आपली पाल्य वसतिगृहातून बाहेर पडली आहे.' खाली वेळ.

यंत्र चाललं, आणि वसतिगृहाने ते तसंच ठेवून घेतलं. नंबर भरताना तिच्या वडिलांच्या जागी मी माझा घातला. चार-पाच रविवार माझ्याच फोनवर मेसेज येत राहिला. आपली पाल्य बाहेर पडली आहे. आपली पाल्य परत आली आहे. आम्ही दोघी हसायचो त्यावर.

मग रेक्टर मॅडमनी प्रवेशाचे अर्ज काढून एकेक नंबर ताडून बघितला. एका शनिवारी त्यांनी मला ऑफिसात बोलावलं. "हा नंबर तुझा आहे ना?"

"चुकून पडला असेल, मॅडम."

"असू दे. आता माझ्यासमोर दुरुस्त कर."

मी खुर्चीत बसले आणि अर्जात बघून तिच्या वडिलांचा नंबर टाइप केला. नाही म्हणता आलं असतं का, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. त्या वेळी ते सुचलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी तयार होऊन गेटपर्यंत गेली. मी मागे होते. तिने अक्कांकडे पाहिलं. अक्का म्हणाल्या, "बाई, आता माझ्या हातात काही नाही गं." बोट न टेकवताच ती खोलीत परत आली आणि चप्पल न काढता पलंगावर बसून राहिली. तिने माझा फोन मागितला. आईला म्हणाली, "परीक्षा आहे, आता येता नाही यायचं."

त्याच्या पुढच्या रविवारी मी धुळ्याला गेले. तिने मला जा म्हटलं नाही, जाऊ नको असंही म्हटलं नाही. फक्त आईसाठी घेतलेला स्वेटर माझ्या पिशवीत घातला. मी येणार हे आईला कळवलं होतं, तरी मी बसमधून उतरले तेव्हा ती माझ्या मागे बसच्या दाराकडेच बघत होती. सगळी माणसं उतरेपर्यंत बघत होती.

"ती उनी नही का?"

"नाही मावशी. तिला जमत नाही आता."

स्टँडवरच्या बाकड्यावर आम्ही बसलो. तिने डबा उघडून मला जेवायला घातलं. लेक बारीक झाली का, केस गळतात का, असं विचारत राहिली. यंत्राचं मी तिला सांगितलं नाही. निघताना तिने माझा हात धरला. "पोरी, तू आते येऊ नको. तू एकटी उतरनी की मन्हा जीव तुटस."

रात्रीच्या जेवणाला मैत्रिणीने विचारलं, "काय म्हणाली?"

"बरी आहे," मी म्हणाले.

त्यानंतर आम्ही एका खोलीत राहिलो, अभ्यास केला, प्रोजेक्टला वर्गात सगळ्यात जास्त मार्क मिळवले. ती माझ्याशी कधी भांडली नाही. पण माझा फोन तिने पुन्हा कधी मागितला नाही. आईशी बोलायची का, कुणाच्या फोनवरून, हे मला कळलं नाही आणि विचारायचा मला अधिकार राहिला नव्हता.

परीक्षा संपल्यावर तिचे वडील गाडी घेऊन न्यायला आले. शांत, अदबीने बोलणारा माणूस. धुळ्याचं त्यांना शेवटपर्यंत काही कळलं नाही. आम्ही दोघी गादीची वळकटी गाडीत ठेवत होतो, तेव्हा ते माझ्याजवळ आले.

"ते मशीन तुम्हीच केलं म्हणे. फार चांगलं काम केलं, ताई. आम्ही घरी अगदी निर्धास्त होतो."

"हो, काका," मी म्हणाले.

ती वळकटीची दोरी आवळत होती. तिने वर बघितलं नाही. गाठ पक्की बसली, तशी ती पुढच्या सीटवर वडिलांशेजारी जाऊन बसली आणि काच वर केली.