चाकण रस्त्यावर ह्यांच्या सोबतीला कोण होतं?

इथले अनुभव मी नेहमी वाचते, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हसते. पांढरी साडी, उलटे पाय, पिंपळाचं झाड... मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालेली बाई. आमच्या माहेरी मांजर आडवं गेलं म्हणून कुणी कधी थांबलं नाही. म्हणूनच हे लिहायला इतकी वर्षं लागली. यात भूत होतं असा माझा दावा नाही. काय होतं ते मलाच ठाऊक नाही.

आणीबाणीच्या आधीचं वर्ष असावं. आम्ही चिंचवड स्टेशनजवळ दोन खोल्यांत राहत होतो. हे पिंपरीतल्या एका कंपनीत टूलरूमला. लग्न नवंच म्हणायचं. माणूस सालस, निर्व्यसनी, पण अबोल! शिफ्टवरून आले की पेपर, जेवण, रेडिओवरच्या बातम्या. मी दिवसभर साठवलेलं भडाभडा बोलायची आणि हे म्हणायचे, "हं." एवढंच. मी मनाशी म्हणायची, असतो एकेकाचा स्वभाव.

त्या पावसाळ्यानंतर डिपार्टमेंटमधल्या मंडळींनी ठरवलं की थंडीत सायकलवर जुन्नरला जायचं, शिवनेरी बघायचा आणि दुसऱ्या दिवशी परत. ह्यांची सायकल तोवर घर ते कंपनी यापलीकडे गेलेली नव्हती. तरी ह्यांनी नाव दिलं. मग काय, घरात तीच धांदल. चेनला तेल, नवे ब्रेक, सीट वर कर, खाली कर. पिशवीत गूळ-शेंगदाणे आणि हवेचा पंप. दर रविवारी उजाडताच निघायचे. आधी भोसरीपर्यंत, मग मोशीच्या इंद्रायणीच्या पुलापर्यंत, मग हळूहळू चाकणपर्यंत. पहिल्या रविवारी पोटऱ्यांत असे गोळे आले की मीच तेल लावून पाय रगडले. पण चेहरा खुललेला! मला बरं वाटलं होतं.

आमच्याकडे मोशीचे बबनराव दूध घालायचे. सायकलला कॅन लावून यायचे. एका सोमवारी माप ओतता ओतता म्हणाले, "वैनी, तुमी बी सायकल लई झ्याक चालवता की!"

"मी? कुठे पाहिलंत?"

"काल पुलावर. सायबांच्या संगं. मी म्हनलं, आत्ता तर ह्यांच्या घरी दूध घातलं, आन् ह्या माझ्या फुडं कशा पोचल्या?"

मला सायकल येतच नव्हती. आयुष्यात कधी सीटवर बसले नव्हते.

"दुसरं कोणी असेल हो बबनराव."

"न्हाई वैनी. तुमीच व्हता. रोज बघतो की मी तुमाला."

ते गेले, आणि मला पहिली शंका आली ती भुताची नव्हे. कोणीतरी बाई आहे! माझ्यासारखी दिसणारी, सायकल चालवणारी, रविवारी सकाळी माझ्या नवऱ्याबरोबर जाणारी. संध्याकाळी मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "काल सोबत कोण होतं?"

"कोण असणार? एकटाच," म्हणाले आणि पेपर उघडला.

पुढचे रविवार कसे काढले ते माझं मला माहीत. हे घरी आले की मी शर्टाचा वास घ्यायची. नुसता घाम. मग स्वतःचीच लाज वाटायची, आणि पुढच्या रविवारी पुन्हा तेच.

अशात माझी नणंद आली. चाकणला रस्त्याला लागूनच तिचं घर होतं. आल्या आल्या फुरंगटून बसली. "काय गं शालू, दारावरून गेलात दोघं, आत यायला काय झालं होतं? मी ओट्यावरून हाका मारतेय, दादाचं लक्षच नाही, आणि तू नुसता हात केलास."

"वन्सं, मी नव्हते हो."

"चल! मी तुला ओळखत नाही होय? लिंबू रंगाची साडी नवीन घेतलीस वाटतं. छान दिसते तुला."

माझ्याकडे लिंबू रंगाची साडी नव्हती. बबनरावांचं सोडून द्या, पण नणंदेची नजर! ती माझ्या पोलक्याची उसवलेली शिवणसुद्धा लांबून पकडायची. ती चुकेल?

शेवटी मी ठरवलं की स्वतःच बघायचं. त्या रविवारी हे निघाल्यावर थोड्या वेळाने मी नाशिक फाट्यावर गेले आणि चाकणकडची एसटी धरली. डावीकडची खिडकी मिळाली. भोसरी गेली, मोशी गेली. पूल ओलांडून गाडी चढाला लागली, धापा टाकत, अगदी सावकाश. ऊन चांगलं वर आलेलं. आणि पुढे दोन सायकली दिसल्या. शेजारी शेजारी.

आधी ह्यांची पाठ ओळखली. मग तिची वेणी. पदर खोचलेला, लिंबू रंगाचा. गाडी त्यांच्या बरोबरीला आली आणि मी बघितलं... ती मी होते. माझं नाक, माझ्या कपाळावरचा जुन्या खोकेचा व्रण, सगळं माझं. पण मला त्याहून जास्त काय लागलं सांगू? हे बोलत होते. हातवारे करून, भरभरून! ती काहीतरी म्हणाली आणि हे मान मागे टाकून असे हसले की सायकल डगमगली. तसं हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. आणि तिने खिडकीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तिला गरजच काय होती?

पुढच्या फाट्यावर मी कंडक्टरला हाक मारून उतरले. रस्ता सरळ, दोन्ही बाजूंना ज्वारी, मध्ये कुठे वळायला वाट नाही. थोड्या वेळाने हे आले. एकटे.

"शालू? तू इथे कशी?"

"ती कुठे गेली?"

"कोण ती?"

"जिच्याशी हसत होता ती!"

"मी हसत होतो?" त्यांनी सायकल स्टँडला लावली. "अगं, मी एकटाच आहे. तुझी शपथ."

"माझी शपथ घेऊ नका," मी ओरडले. रस्त्याने जाणारा बैलगाडीवालासुद्धा वळून बघायला लागला. मी रडत सगळं सांगितलं. दूधवाले, वन्सं, साडी. हे खोटं बोलले की कान लाल व्हायचे. त्या दिवशी झाले नाहीत.

मग मी डोळे पुसले आणि म्हटलं, "मला सायकल शिकवा."

शिकवलं. भाड्याची लेडीज सायकल आणून कॉलनीच्या मैदानात. गुडघे फुटले, शेजारणी हसल्या, मी पर्वा केली नाही. मी कशासाठी शिकत होते ते मला पक्कं ठाऊक होतं. ती जागा माझी होती. जुन्नरच्या आधीच्या रविवारी मी ह्यांच्याबरोबर निघाले. पुलावर बबनराव भेटले, त्यांनी हात केला. त्यांना आम्ही दोघंच दिसलो, तिसरं कुणी नाही. मला जिंकल्यासारखं वाटलं.

चढ लागला. माझा जीव मेटाकुटीला आला, तोंडातून शब्द फुटेना. हे शेजारी होते, रमतगमत चालवत. म्हणाले, "चढावर तू हल्ली फार गप्प असतेस."

"हल्ली?"

"आधी कशी, चढ कधी संपला ते कळायचंसुद्धा नाही..."

मी कचकन ब्रेक लावला. हे थोडे पुढे जाऊन थांबले, वळले. चेहरा पांढराफटक पडला होता.

"शालू, मी आत्ता काय म्हणालो?"

मी सायकल वळवली. आम्ही तिथूनच परत फिरलो.

जुन्नरची ट्रिप नीट पार पडली. हे उन्हाने रापून आले, शिवनेरीचं थोडंफार सांगितलं आणि झोपले. वाटेत कुणाला काही दिसलं का, हे मी त्यांच्या मित्रांना विचारलं नाही. पुढे बरीच वर्षं आम्ही दोघं त्या रस्त्याने सायकलवर गेलो. ह्यांना माझ्याशी बोलायची हळूहळू सवयही झाली. ती पुन्हा कुणाला दिसली नाही.

लोक विचारतात, भीती नाही वाटली? नाही, एकदाही नाही. कारण शोधून मी थकले. फिजिक्सच्या पुस्तकात याचं उत्तर नाही आणि देवळातल्या गुरुजींकडेही मिळालं नाही. आता आम्ही दोघं पिकली पानं. तरी एखाद्या सकाळी चहाचा कप पुढे ठेवताना मी विचारतेच, "अहो, त्या दिवशी ती असं काय म्हणाली, की तुम्ही एवढे हसलात?"

हे खरंच आठवायचा प्रयत्न करतात. कपाळाला आठ्या घालून, बराच वेळ. आणि त्या वेळी त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात जे किंचित हसू येतं ना... ते माझ्यासाठी नसतं.