रंग बदलला आणि बस गायब झाली

ऑफिसात तिला मागून सगळे करवत म्हणायचे, आणि हे तिलाही ठाऊक होतं. बोलायला लागली की समोरच्याचे दोन तुकडे केल्याशिवाय थांबायची नाही. शहराच्या बससेवेची वेबसाईट ते ऑफिस चालवायचं. तिथे कोड लिहिणारी जुनी अशी ती एकटीच. बाकीचे आले, शिकले आणि गेले. शेजारच्या टेबलावर मांडणीवाली बसायची. पानावर कुठला रंग, अक्षर केवढं, वेळापत्रकाचा तक्ता कुठे, हे तिचं काम. बाळंतपणाची रजा संपवून ती नुकतीच परतली होती. पाळणाघराचा फोन आला की तिचा चेहरा उतरायचा.

साहेबांनी ती साईट सुरुवातीला घाईघाईत बनवून घेतली होती, आणि तिच्यात कोड आणि मांडणी एकाच फाईलमध्ये कालवलेली होती. रंगाच्या ओळींमध्ये कोडाच्या ओळी, तक्त्याच्या पोटात अट आणि अटीच्या पोटात पुन्हा तक्ता. शीर्षक जरा मोठं करायचं तरी मांडणीवालीला काटेरी कुंपणात हात घालावा लागे. हे दोन्ही वेगळं करा, असं साहेबांना सांगून सांगून करवतीच्या तोंडाला फेस आला होता. साहेब म्हणायचे, चाललंय ना, मग चालू द्या.

आणि एका सुट्टीच्या दिवशी ते चाललं नाही.

सुट्टीला दुपारनंतर बऱ्याच बस बंद असतात. त्या पानावर दिसू नयेत म्हणून कोडात एक अट होती. आदल्या दिवशी साहेबांनीच तक्ता रुंद आणि नव्या रंगात मागितला. मांडणीवालीनं जुना तक्ता काढून नवा बसवला. जुन्याच्या पोटातली ती अट त्याच्याबरोबर गेली. पान कुठेही मोडलं नाही, उलट आधीपेक्षा सुरेख दिसायला लागलं. फक्त त्यावर धावत नसलेल्या बस धावायला लागल्या.

करवतीच्या बाबांची किडनी कामातून गेलेली. डायलिसिसला ते एकटे बसनं जायचे, कुणाचा हात धरायचा नाही हा त्यांचा हट्ट. त्या दुपारी ते थांब्यावर उन्हात बसून राहिले. बस येईना. शेवटी चक्कर येऊन ते बाकावरून घसरले, आणि थांब्याजवळच्या ओळखीच्या फळवाल्यानं त्यांना रिक्षात घालून घरी आणलं. निरोप मिळताच ती धावत घरी पोचली तेव्हा वहिनी त्यांचे सुजलेले पाय उशीवर ठेवत होती.

"मला फोन का नाही केलात?" तिनं विचारलं.

"कशाला करू?" बाबा म्हणाले. "तुझ्याच पानावर लिहिलं होतं ना, बस आहे म्हणून."

त्यांनी टोमणा मारला नव्हता, खरं तेच सांगितलं होतं. म्हणूनच तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात तक्रारींचा पाऊस. साहेबांनी खोलीत बोलावलं. मांडणीवाली आधीच उभी होती, डोळे लाल. साहेबांनी शांतपणे सांगितलं की बससेवेला अहवाल द्यायचाय. मांडणीवालीच्या निष्काळजीपणामुळे हे झालं असं करवतीनं लिहून द्यावं, म्हणजे प्रकरण मिटेल.

"मी लिहिणार नाही," ती म्हणाली. "दिव्याचं आणि गॅसचं बटण तुम्ही एकच ठेवलंत, आणि आता दिवा लावणारीनं घर पेटवलं म्हणता."

तुमच्या वडिलांना त्रास झाला, तुम्ही भावनेच्या भरात बोलताय, असं साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले. त्या सुरानं ती जास्तच भडकली.

"अहवाल हवाच असेल तर देते. पण त्यात खरं लिहीन. किती वेळा सांगितलं आणि तुम्ही काय उत्तर दिलंत, तेही."

साहेबांनी अहवालाचा कोरा कागद बाजूला सारला. मग म्हणाले, करा काय करायचंय ते.

कोड आणि मांडणी वेगळी करायला दोघी कामाला लागल्या. करवतीनं ठरवलं होतं की मांडणीच्या फाईलमध्ये कोड चालणारच नाही. तिथे फक्त रिकाम्या जागा: इथे बसचा नंबर, इथे वेळ, आणि जितक्या बस तितक्या वेळा ही ओळ. आज कुठली बस दाखवायची ते कोड ठरवेल, पण कोडात रंगाचं नाव दिसलं तर ती चूक. आणि एखादी जागा भरायला माहिती नसेल, तर पानानं नटूनथटून गप्प बसायचं नाही, बोंब मारायची.

मांडणीवालीनंही स्वतःची मागणी ठेवली. खोट्या बस भरून पान तिचं तिला बघता आलं पाहिजे, दर वेळी कोडवाल्यांची मनधरणी नको. एकाआड एक ओळ फिकट करायची, ती कुणाच्या बाजूला यावर मात्र दोघी कडाकडा भांडल्या. मोजणी आहे म्हणजे कोड, असं करवत म्हणे. दिसण्यासाठी आहे म्हणजे माझं, असं दुसरी म्हणे. शेवटी करवतीला माघार घ्यावी लागली. असं आधी कधी घडल्याचं ऑफिसात कुणाला आठवत नव्हतं.

नवी साईट नीट चालू लागली. मग साहेबांना सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरी जाहिरात हवी झाली. करवतीला न विचारता त्यांनी नव्या कोडवाल्याकडून मांडणीच्या फाईलमध्ये 'फक्त एक ओळ' घालून घेतली. पान उघडेचना, चूक कुठल्या ओळीत आहे तेवढं लिहून अडून बसलं. एक वाट मोकळी ठेवा की, साहेब म्हणाले.

"वाट ठेवलीच नाही," ती म्हणाली. "ठेवली असती तर सगळ्यात आधी तुम्हीच आत शिरला असतात."

जाहिरात शेवटी कोडाच्या बाजूनं, रीतसर आली. त्या वर्षी करवतीची बढती मात्र अडली. कारण लिहिलं होतं, स्वभाव.

पुढे बससेवेच्या बैठकीत साहेबांनी कोड आणि मांडणी वेगळी करण्याचं महत्त्व समजावून सांगितलं. आमच्या दूरदृष्टीमुळे हे वेळीच झालं, म्हणाले. टाळ्या पडल्या. मागच्या रांगेत करवतीचे कान तापले. ती उठली, खुर्ची मुद्दाम जोरात सरकवली. साहेब वाक्याच्या मध्येच थांबले. मांडणीवालीनं आपली पिशवी उचलली आणि तीही तिच्या मागोमाग बाहेर पडली.