बसायला जागा नसलेली गाडी

कंपनीने मला घरी बसवलं आणि त्याच महिन्यात मी अशी मोटरसायकल घेतली, जिच्यावर बसताच येत नाही. हे मी मुद्दाम केलं असं आमच्या बिल्डिंगमध्ये बोललं जातं. खरं तर तो योगायोग होता. पण लोकांनी इतक्यांदा म्हटलं, की आता मलाही ते मुद्दाम केलेलंच बरं वाटतं.

अंबरनाथच्या आनंदनगर औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी बावीस वर्षं तपासणीला होते. लेथवरून उतरलेला नग माझ्या टेबलावर यायचा, मी तो मापायचे, आणि मापात नसला की त्यावर लाल रंगाचा फराटा मारायचे. सुपरवायझर यायचे, ‘मॅडम, जाऊ द्या ना, चालतंय’ म्हणायचे. मी म्हणायचे, चालत असेल तर तुम्ही सही करा. कोणी करायचं नाही. मग एक दिवस कारखानाच दुसऱ्या राज्यात गेला आणि मला शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. वय बावन्न. त्याच सुमारास मुलीला मुलगी झाली आणि सगळ्या नातलगांना हायसं वाटलं. बरं झालं, आता बसा निवांत, नातीला खेळवा. नात माझी लाडकी आहे, तिच्यासाठी मी रात्र रात्र जागले आहे. पण बसा, बस आता, किती दगदग केलीस, बस, हे दिवसातून वीसदा ऐकलं की माझं डोकं फिरायचं.

गाडी ट्रायल्सची होती. हा शर्यतीचा प्रकार नाही, यात वेगाला काडीची किंमत नाही. दगडांवरून, ओंडक्यांवरून, पाय जमिनीला न टेकवता गाडी न्यायची, एवढाच खेळ. चालवणारा सगळा वेळ फूटरेस्टवर उभा, म्हणून सीट नाहीच. टाकीपासून मागच्या मडगार्डपर्यंत नुसता उतार.

माझं माहेर पालेगाव. आता तिथे टॉवर उभे आहेत, पण माझ्या लग्नाआधी गावामागे दगडाची खाण होती आणि दर रविवारी अंबरनाथहून एक इंजिनीअर साहेब तिथे ही गाडी घेऊन यायचे. स्पेनची गाडी, कुठून कशी आणली देव जाणे. मी तेव्हा वडिलांची दुधाच्या कॅनची मोटरसायकल शेताच्या बांधावरून न्यायचे आणि मला वाटायचं, आपल्याला गाडी येते. साहेब घोड्याएवढ्या दगडावर चढायचे, वर थांबायचे, आणि पाय न टेकवता तिथल्या तिथे वळायचे. मी दुधाचे कॅन उन्हात तापत ठेवून बघत राहायचे. एकदा दूध नासलं म्हणून वडिलांचा मारही खाल्ला.

यंदा एका टेम्पोवाल्याने सांगितलं, की साहेबांचा बंगला पाडून तिथे बिल्डिंग होतेय आणि मागच्या शेडमधलं सामान भंगारात चाललंय. मी त्याच टेम्पोत बसून गेले. साहेब आता काठी घेऊन चालतात. म्हणाले, “किक पोकळ जाते. पार्ट मिळत नाहीत. तुम्ही काय करणार हिचं?” मी म्हटलं, “चालवणार.” किती पैसे दिले ते मी घरात सांगितलं नाही आणि इथेही सांगणार नाही.

आई तेव्हा आमच्याकडे बदलापूरला आली होती. ती पार्किंगमध्ये उतरली, गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, “गो, हिला बसाला जागाच नाय! कसली गारी आनलीस?” नवऱ्याने वेगळ्या शब्दांत तेच विचारलं. तो भांडत नाही, फक्त चष्मा पुसतो. त्याने चष्मा बराच वेळ पुसला.

आठवड्याभरात लिफ्टमध्ये सोसायटीची नोटीस लागली. बंद अवस्थेतील वाहने येत्या सर्वसाधारण सभेपर्यंत हटवावीत, अन्यथा भंगारात देण्यात येतील. आमच्या पार्किंगमध्ये तीन स्कूटर चार वर्षं धूळ खात पडल्या आहेत, टायरमध्ये हवा नाही, एकीत मांजर व्याली होती. त्यांच्यासाठी कधी नोटीस निघाली नाही. सेक्रेटरी नवऱ्याला म्हणाले, “वहिनींना जरा समजवा.” मी तिथेच उभी होते, भाजीची पिशवी घेऊन. मला समजवा म्हणजे काय, मला मराठी येत नाही? मी म्हटलं, “गाडी सभेच्या दिवशी सगळ्यांसमोर चालू करून दाखवते. नाही झाली तर मीच भंगारवाल्याला हाक मारीन.” बोलून गेले आणि मग दिवस मोजले. हातात एकवीस दिवस होते.

गाडी उघडली तर दुखणं एकच निघालं, पण मुळावरचं. किक मारल्यावर जो शाफ्ट फिरतो आणि इंजिनला फिरवतो, त्याचे दाते झिजून गुळगुळीत झाले होते. लहान मुलाच्या करंगळीएवढे बारीक दाते असतात ते, आणि ढकलून सुरू करणं सोडलं तर ही गाडी किकशिवाय कशाने सुरू होत नाही; दगडात बंद पडल्यावर ढकलणार कुठे? स्पेनच्या कंपनीला मेल केला. फार सभ्य उत्तर आलं, की हे मॉडेल बंद होऊन जमाना झाला. कुठल्यातरी देशातल्या एका माणसाकडे एक शाफ्ट होता, पण यायला दोन महिने. मग राहिलं उल्हासनगर. जगात कुठेही जे बनतं ते उल्हासनगरात दुसऱ्यांदा बनतं, असा आमच्याकडे समज आहे आणि तो बराचसा खरा आहे.

तीन दुकानांनी शाफ्ट हातात घेऊन परत दिला. चौथ्याने कॅम्प पाचमधल्या एका लेथवाल्याचा पत्ता सांगितला. एका शटरचं दुकान, आत एक जुना लेथ, आणि लेथमागे सत्तरीचा सिंधी माणूस, केस कापसासारखे पांढरे. माझ्याकडे बघून हात जोडले आणि म्हणाला, “आओ दादी, बैठो. क्या बनाना है?”

दादी! आणि वर बैठो! स्वतः सत्तरीचा, आणि मला आजी म्हणतोय. एकवीस दिवसांतले नऊ संपले होते, सकाळपासून ऊन डोक्यावर घेत फिरत होते, आणि घरादाराने जे चालवलं होतं तेच हा परका माणूस पहिल्या वाक्यात म्हणाला. मी म्हटलं, “दादी होगी तुम्हारे घर में. मैं बैठने नहीं आयी.” शाफ्ट उचलला आणि निघाले. तो मागून काहीतरी म्हणत होता, मी वळूनसुद्धा पाहिलं नाही. रिक्षात बसल्यावरही आपण बरोबर वागलो याची मला शंभर टक्के खात्री होती.

मग आनंदनगरमध्ये जुन्या ओळखी काढल्या. एकाने सांगितलं, हजार नग असतील तर या, एकासाठी मशीन लावत नाही. दुसऱ्याने शाफ्ट करून दिला, पण मऊ लोखंडाचा. मापात होता, दिसायलाही देखणा. दुसऱ्या किकला त्याचे दाते लोण्यासारखे मुडपले. तेव्हा सभेला सहा दिवस उरले होते. नवरा त्या दिवशी म्हणाला, “इतकी वर्षं सगळ्यांशी भांडून काय मिळवलंस तू?” मी रडले. रागाने रडले, पण रडले.

दुसऱ्या दिवशी उल्हासनगर स्टेशनबाहेर माझी कारखान्यातली जुनी मैत्रीण भेटली. ती पॅकिंगला होती, तिथलीच, सिंधी. तिला मी सगळी कहाणी सांगितली, म्हाताऱ्यासकट, अगदी त्याची नक्कल करून. ती हसायला लागली. हसता हसता तिने फळवाल्याच्या गाडीला धरलं.

“अगं येडी, आमच्यात दादी मतलब मोठी बहीण! तो तुला ताई बोलला, ताई! आजी ती डाडी. ड वेगळा, द वेगळा.”

बावीस वर्षं मी हाताखालच्या मुलींना शिकवलं, की नग रिजेक्ट करण्याआधी आपण योग्य गेज, म्हणजे मापायचं साधन, लावलंय का ते बघा. आणि मी सिंधी माणसाच्या शब्दाला हिंदीचं गेज लावून लाल फराटा मारून आले होते. उल्हासनगरच्या कुशीत जन्म काढला, कपडे, भांडी, मुलीच्या लग्नाचं फर्निचर, सगळं तिथून घेतलं, आणि हा एवढा शब्द माहीत नव्हता. लाज वाटली. ती इथेही लपवत नाही.

पण लाज वाटली म्हणून मी मान खाली घालून गेले, असं नाही. सरळ दुकानात शिरले आणि म्हटलं, “दादा, उस दिन मेरी गलती हो गयी. शब्द समझी नहीं.” दादा दोन्हीकडे मोठाच भाऊ निघाला, त्यात घोटाळा नव्हता. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “मैं भी सोचा, बहन बोला तो इतना गुस्सा!” मग शाफ्टसाठी हात पुढे केला. या वेळी बसा म्हणाले नाहीत, आणि मी आपण होऊन स्टूल ओढून बसले.

दोन दिवसांनी शाफ्ट तयार झाला. मी पर्समधून माझा मायक्रोमीटर काढला. केसाच्या निम्म्याने जाड भरला.

“चलेगा, दादी.”

“नहीं चलेगा, दादा.”

“चालीस साल में मेरा काम किसी ने नापा नहीं.”

“मग कोणीतरी मापायलाच हवं होतं,” मी मराठीत म्हटलं, आणि ते त्यांना नीट कळलं. मान फिरवून बसले. चहा आला तो माझ्यासमोर आपटला. मी चहा प्यायले आणि हलले नाही. शेवटी पुटपुटत त्यांनी लेथ चालू केला आणि हलकासा हात फिरवला. पुन्हा मापला. बरोबर. शाफ्ट तापवून कडक करायला त्यांनी स्वतः ओळखीच्या भट्टीवर पाठवला, आणि परत आल्यावर मापायला माझ्या हातात दिला. मी आधी मापला, मगच त्यांच्याकडे बघून हसले.

सभा रविवारी सकाळी होती. शाफ्ट शनिवारी बसवला, पण किक मारली नाही. खोटं कशाला बोलू, भीती वाटली. मुडपायचाच असेल तर सगळ्यांसमोर मुडपू दे म्हटलं.

कमिटीचे लोक चहाचे कप घेऊन पार्किंगमध्ये आले. गॅलऱ्यांमधून बायका बघत होत्या. नवरा खांबाजवळ उभा होता, चष्मा डोळ्यांवर. पहिली किक, काही नाही. दुसरी, तिसरी, काही नाही, पण पायाला इंजिनचा जोर लागत होता. दाते धरून होते. सातव्या किकला गाडीने निळा धूर सोडला, पार्किंगभर पसरला, आणि ती सुरू झाली. फटफट नव्हे, खणखणीत.

“झाली चालू, मान्य,” सेक्रेटरी खोकत म्हणाले. “राहू दे तुमची गाडी.”

मी फूटरेस्टवर उभी राहिले आणि पहिला गिअर टाकला. आमच्या बिल्डिंगमागची भिंत बिल्डरने अर्धवट सोडली आहे. पलीकडे माळ आहे आणि त्यात गुडघाभर उंचीचा काळा दगड. मी भिंतीच्या खिंडारातून बाहेर पडले आणि गाडी त्यावर घातली. पुढचं चाक चढलं, मागचं घसरलं आणि मी कोपरावर आपटले. गाडी बंद पडली. मागून आरडाओरडा झाला. नवरा धावत आला, मी त्याला म्हटलं, “हात लावू नकोस.” गाडी उचलली. दोन किकमध्ये परत चालू झाली. कोपरातून रक्त येत होतं.

सेक्रेटरी भिंतीपर्यंत आले होते. “वहिनी, बघितलं ना सगळ्यांनी, पटलं आम्हाला. आता बंद करा.”

मी गाडी चार हात मागे घेतली आणि पुन्हा त्याच दगडावर घातली.