शर्यतींच्या कागदांची टोपली

आमच्या दिघीच्या घरात एक कागदी टोपली आहे. तिच्याकडे नजर गेली की आजही माझं डोकं फिरतं.

पन्नासच्या दशकात मी गावच्या शाळेत मास्तर होतो आणि मला एक खूळ होतं. पुण्यात गोल ट्रॅकवर सायकलच्या शर्यती व्हायच्या, त्यांच्या भिंतीवरच्या जाहिराती मी जमवायचो. लाल-निळी अक्षरं, हँडलवर ओणवे झालेले स्वार. शर्यत झाली की दुसऱ्या दिवशी सकाळीच खडकीपासून चिंचवडपर्यंत भिंती धुंडाळायच्या. उशीर झाला तर चिकटवायच्या पिठाच्या खळीच्या वासानं शेळ्या कागद ओरबाडून खात. ओल्या फडक्यानं भिजवायचं, नखानं कोपरा सोडवायचा आणि श्वास रोखून कागद उतरवायचा. लोक हसत. "मास्तर, घराला भिंती न्हाईत का, लोकांच्या सोलताय?" हसेनात का. माझा सगळा राग त्या शेळ्यांवर.

हे खूळ लागलं थोरल्या भावामुळं. तो पिंपरीच्या एका नव्या कारखान्यात होता आणि सुट्टीच्या दिवशी बिनब्रेकची सायकल ट्रॅकवर पळवायचा. एकदा, एकदाच, जाहिरातीवर त्याचं नाव छापून आलं. पुढच्याच वर्षी तो विषमज्वरानं गेला. त्याचा एक फोटोसुद्धा घरात नव्हता. ती जाहिरात मी बाकीच्यांबरोबर गुंडाळून ट्रंकेत ठेवली. कोणी पाहुणा आला की बाहेर काढायचो, दादाच्या नावाखालून बोट फिरवायचो. वहिनी आतून चहा पाठवायच्या.

एका उन्हाळ्यात शाळेतून आलो तर वहिनी अंगणात उखळापाशी बसलेल्या. घमेल्यात भिजलेल्या कागदाचा लगदा, वर कीड लागू नये म्हणून मेथ्या घातलेल्या. आमच्याकडे बायका रद्दी अशीच कुटून, पालथ्या पातेल्यावर थापून टोपल्या करत. लगद्यात मला लाल-निळा रंग दिसला.

"ट्रंकेत वाळवी शिरली व्हती, भावजी," त्या म्हणाल्या. "निम्मी कागदं खाल्ली. म्हनलं, टोपली तरी हुईल."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी घमेलं लाथाडलं. अडाणी ते अडाणीच राहिलात, म्हणालो. आणखी जे बोललो ते लिहायची लाज वाटते. त्या मान खाली घालून सांडलेला लगदा गोळा करत राहिल्या, त्यानं मी जास्तच भडकलो.

"त्यात दादाचं नाव होतं!" मी ओरडलो.

त्यांचे हात थांबले.

"नाव? छापल्यालं?" लगद्याकडे बघत त्या म्हणाल्या. "मला कुनी दावलं, भावजी?"

संध्याकाळी चावडीवर गड्यांचा साक्षरता वर्ग मीच घ्यायचो. गावातल्या निम्म्या गड्यांना सही शिकवली होती. पण दादाचं नाव कागदावर कसं दिसतं, हे त्याच्या बायकोला दाखवावं असं मला कधी सुचलंच नाही. परक्या माणसांना मात्र हौसेनं दाखवत होतो.

तरी मी आठ दिवस अबोला धरला. त्यांच्यावर चिडून राहणं सोपं होतं.

टोपली वाळली तशी त्या ती घेऊन माझ्यासमोर आल्या.

"यात कुठं असंल, भावजी?"

करड्या कागदाला कुठेकुठे लालसर डाग होते. मी काठाजवळ बोट ठेवलं. "इथं," म्हणालो. धडधडीत खोटं.

त्या टोपलीत त्यांनी कधी भाकरी ठेवली नाही की धान्य भरलं नाही. वहिनी गेल्यावर मी ती फळीवरून खाली काढली. सगळी टोपली खरबरीत होती. काठाजवळची तेवढी जागा मात्र अंगठ्यानं घासून घासून गुळगुळीत झाली होती.